मवाल्यांनी खलिफा बदलला? (शब्दचर्चा)

घाईगडबड
मंडळी एक मदत हवी आहे. भाचीचा एम.ए. इतिहासाचा पेपर आहे, त्यात सुरुवातीच्या इस्लामवर एक प्रकरण, पुस्तकं सगळी इंग्रजी, तर मी उत्साहाच्या भरात म्हटलं मराठीत नोट्स काढून देतो आणि आता अडकलोय. उमय्या घराण्याचा (दमास्कसवरून राज्य करणारे खलिफा) पाडाव लिहिताना सरळ टाईप केलं की "मवाल्यांनी उमय्यांविरुद्धच्या बंडाला मोठी साथ दिली", तर पोरगी हसून लोटपोट, मामा म्हणे दमास्कसमधे पण मवाली होते का, नाक्यावर उभे राहायचे का. मला आधी वाटलं नुसता उच्चार जुळतोय, पण पुस्तकात तर चक्क मवालीच आहे. हा आपलाच शब्द आहे का दुसरा कुठला? आणि नोट्समधे काय लिहू?

मुळाक्षर
तोच आहे. भाचीने हसणं साहजिक आहे, पण शब्द तोच.

मवाली हे मौला या अरबी शब्दाचं अनेकवचन. मौला म्हणजे मालक, आणि गंमत म्हणजे मालकाच्या आश्रयाला असलेला माणूस तोही मौलाच, नात्याच्या दोन्ही टोकांना एकच शब्द. आपल्याकडे धनी म्हटलं की वरचाच, खालच्याला कुणी धनी म्हणत नाही, त्यामुळे हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

त्या काळच्या अरबस्तानात ज्याला कबिला नाही त्याला कुणी विचारणारा नाही, मार खाल्ला तर बदला घेणारा नाही. म्हणून गुलामीतून सुटलेला माणूससुद्धा जुन्या मालकाच्या कबिल्याला जोडलेला राहायचा, तो त्यांचा मौला. झैद बिन हारिसा पैगंबरांचे मौला, अजान देणारे बिलाल हे पहिले खलिफा अबू बकर यांचे, कारण त्यांनीच बिलालना विकत घेऊन मोकळं केलं. इथपर्यंत शब्दाला काही वास नाही. पुढे इराक इराण इजिप्त जिंकल्यावर तिथले जे लोक मुसलमान झाले त्यांनाही कुठल्या तरी अरब कबिल्याचं मौला व्हावं लागलं आणि मग मवाली म्हणजे "मुसलमान पण अरब नसलेले" असा एक वर्गच तयार झाला. धर्म एक, पण पगाराच्या वहीत वाटा कमी नाहीतर नाहीच. इराकचा सुभेदार हज्जाज तर गावं सोडून शहरात आलेल्या अशा लोकांना परत गावी हाकलायचा आणि जिझिया (बिगरमुसलमानांवरचा कर) चालू ठेवायचा, कारण सगळेच मुसलमान झाले तर महसूल कुठून आणायचा. उमय्या खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (७१७ ते ७२०) यांनी हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला पण त्यांना मिळाली तीनच वर्षं.

मग ७४७ मधे खुरासानात (इराणच्या पूर्वेकडे) अबू मुस्लिमचं बंड, ७५० मधे उमय्या गेले, अब्बासी घराणं आलं. फक्त एक सुधारणा, "मवाल्यांनी पाडलं" एवढंच लिहू नका, खुरासानात वस्ती केलेले अरबही त्या बंडात मोठ्या संख्येने होते. साथ दिली हे बरोबर.

आणि तो पगाराच्या वहीचा शब्द सांगायचा राहिलाच, दिवान. दुसरे खलिफा उमर (वरचे उमर बिन अब्दुल अझीझ नव्हेत, त्यांच्या खूप आधीचे) यांनी कुणाला किती द्यायचं याची यादी केली तो दिवान. आधी वही, मग वही ठेवायची कचेरी, मग कचेरीतला साहेब आणि शेवटी आपल्या हॉलमधला दुपारी आडवं व्हायचा दिवाण.

चहाटळ
म्हणजे दिवाणावर लोळणारा मवाली ही एकदम ऐतिहासिक शब्दयोजना झाली की.

पण मग गुंड अर्थ कुठून आला ते सांगा ना. आश्रित वेगळा, टवाळ वेगळा.

मुळाक्षर
फारसीमार्गे आला. उर्दू हिंदीत हवाली-मवाली असा जोडशब्द आहे, म्हणजे बड्या माणसाच्या अवतीभवतीचे लोक, सोबत फिरणारे. आता बड्या माणसाच्या मागे पुढे करणारी पोरं कशी असतात ते तुम्ही कुठल्याही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत बघा. मोठा माणूस गेला, मागची पोरं राहिली, शब्द त्यांना चिकटला.

खाडीकाठ
सलाम सगळ्यांना. मी दापोलीकडची, लहानपणी मदरशात थोडं अरबी झालंय त्यामुळे राहवलं नाही, कारण या मवालीचं खानदान तुम्ही कुणी सांगितलंच नाही. मूळ धातू व-ल-य, जवळ असणं. त्यातून वली म्हणजे देवाचा जवळचा आणि त्याचं अनेकवचन अवलिया, मराठीत आपण एकालाच म्हणतो "काय अवलिया माणूस आहे". त्यातूनच वाली, तिकडे वाली म्हणजे प्रांताचा सुभेदार, इकडे "गरिबाला कुणी वाली नाही". वालीचा प्रांत ती विलायत, पुढे विलायत म्हणजे परमुलूख आणि मग थेट इंग्लंड, विलायती चिंच विलायती औषध सगळं. मौलाना म्हणजे "आमचे मौला", आणि मुल्ला हा पण मौलाचाच फारसी तोंडातला आकार. तर अवलिया, वाली, विलायती, मौलाना आणि मवाली हे सगळे एका घरातले, फक्त एक पोरगं वाया गेलं 😄

गमतीत म्हटलं पण हा शब्द हलका नाही हो. इ.स. ६३२ मधे पैगंबर साहेब हजवरून परतताना गदीर खुम नावाच्या पाणवठ्यावर थांबले आणि हजरत अलींचा (त्यांचे चुलतभाऊ आणि जावई) हात धरून म्हणाले, ज्याचा मी मौला त्याचा अली मौला. हे वाक्य सुन्नी पण मानतात शिया पण मानतात, भांडण वाक्यावर नाहीच, मौला म्हणजे काय यावर आहे. शिया म्हणतात नेता, वारस, सुन्नी म्हणतात जिवलग, ज्याच्यावर माया ठेवायची तो. तेराशे चौदाशे वर्षं झाली, ही शब्दचर्चा अजून चालू आहे.

घाईगडबड
ताई हे भारी सांगितलंत, नोट्समधे टाकतो. आता दुसरी अडचण. अबू बकर यांच्या काळातलं रिद्दा प्रकरण (पैगंबरांनंतर फुटलेल्या कबिल्यांशी झालेल्या लढाया), मी लिहिलं "अनेक कबिल्यांनी जकात द्यायला नकार दिला आणि लढाया झाल्या" तर पुन्हा तेच, मामा ट्रक अडवले होते का म्हणे. हिचा जन्म दहिसरचा, जकात नाका बघतच मोठी झाली. मुंबईत २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली पण शब्द डोक्यातून जात नाही. दान आणि नाका यांचा काय संबंध?

मुळाक्षर
संबंध आहे आणि सरळ आहे. मूळ जकात म्हणजे शुद्ध होणं, वाढणं. नमाज रोजा यांच्या बरोबरीचं कर्तव्य, ठरावीक मर्यादेच्या वर जी बचत असेल तिचा चाळीसावा हिस्सा म्हणजे अडीच टक्के, आणि ते गोरगरिबांचा हक्क म्हणून काढायचं. सदका हा त्याहून मोकळा शब्द, मनाला येईल तेव्हा येईल तेवढं द्या. आता खलिफा उमर यांच्या काळात रस्त्यांवर वसुलीचे नाके बसले, व्यापाऱ्याचा माल आला की परमुलखातला असेल तर दहा टक्के, राज्यातला बिगरमुस्लिम असेल तर पाच आणि मुसलमान व्यापारी असेल तर अडीच, आणि हे अडीच त्याच्या जकातीतच धरायचे. झालं, नाक्यावर भरायची ती जकात. सुलतानी अमलात शब्द दख्खनपर्यंत आला तोवर त्यातलं दान गळून गेलं आणि नाका तेवढा उरला. शिवाजी महाराजांचं १६७१ चं मिठाच्या जकातीचं पत्र आहेच की, गोव्यातल्या बारदेशचं स्वस्त मीठ येऊन आपल्या मिठाचा धंदा बसू नये म्हणून जकात वाढवा म्हणून, त्यात जकात शब्द पूर्ण आजच्या अर्थाने.

रिद्दाबद्दल मात्र एक गोष्ट नोट्समधे हवीच. पैगंबर वारल्यावर कबिले म्हणाले करार त्यांच्याशी होता, मदिनेला आता कशाला द्यायचं. काही नमाज पढत होते फक्त जकात नको म्हणत होते. उमर यांचंही म्हणणं होतं की जरा दमाने घ्यावं. तेव्हा अबू बकर म्हणाले की हे लोक पैगंबरांना द्यायचे त्यातलं एक दावं जरी रोखलं तरी मी लढेन. दावं म्हणजे उंटाचा गुडघा बांधायची दोरी, इकाल. दुसऱ्या पाठात इकाल नाही, अनाक आहे म्हणजे बकरीचं पिल्लू. दोन्ही पाठ हदीसच्या संग्रहांत आहेत. मला स्वतःला दावं आवडतं, रागात माणूस असंच बोलतो, पिल्लू म्हटलं की हिशेब आला.

आणि याच इकालच्या धातूतून अक्ल, आपली अक्कल. बांधून ठेवणारी ती अक्कल. अरब लोक डोक्यावरच्या रुमालावर काळी दोरी घालतात तिला आजही इकाल म्हणतात.

चहाटळ
अक्कल म्हणजे दावं!! आमच्या वडिलांना सांगितलं तर दिवसभर म्हणतील.

बरं माझा पण एक, फितना म्हणजे फितुरी ना? तिसरे खलिफा उस्मान यांचा खून ६५६ मधे, मग पुढची यादवी, त्याला पहिला फितना म्हणतात असं वाचलं, फितूर लोकांनी केला म्हणून फितना, बरोबर?

मुळाक्षर
नाही हो, इथे मात्र नुसता कानाला फसवणारा सारखेपणा. फितूर हा फुतूर पासून, त्यात शेवटी र, अर्थ ढिलेपणा, बिघाड. फितन्यात शेवटी न. तो धातू सोनं आगीत घालून पारखण्याचा, म्हणून फितना म्हणजे आधी कसोटी आणि मग लोकांची कसोटी बघणारी यादवी. असंच हिजरत आणि हजेरी, दोघांचा काडीचा संबंध नाही. हिजरत म्हणजे सोडून जाणं आणि हजेरी म्हणजे असणं, उलटेच अर्थ. हज तिसराच.

खाडीकाठ
एक राहिलं, नोट्समधे सहाबा शब्द येणारच, पैगंबरांचे सोबती. एकवचन सहाबी. त्याच धातूचा साहिब म्हणजे आपला साहेब आणि सोहबत म्हणजे आपलं सोबत. मूळ अर्थाने साहेब म्हणजे सोबती, आता ऑफिसात कुणी साहेबाला सोबती म्हणून बघा काय होतं.

आणि स्पेलिंगचं. इंग्रजी पुस्तकात रमदान, वुदू, कादी असं दिसेल, मराठीत रमजान वजू काजीच लिहा. अरबीत तो एक जाड द आहे, फारसीत त्याचा झ झाला आणि आपल्याकडे सगळं फारसीतून आलं. नमाज, रोजा, पैगंबर हे तर अरबी पण नाहीत, चक्क फारसी, अरबीत सलात, सौम, रसूल. अजानला आपण बांग म्हणतो ती पण फारसी.

मोडीवाला
उशिरा आलो पण हिजरी सनावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. तुमच्या भाचीला एवढं नक्की सांगा की हिजरत झाली ६२२ च्या सप्टेंबरात, महिना रबी-उल-अव्वल, पण सन मोजतात त्या वर्षीच्या १ मोहरमपासून म्हणजे १६ जुलै. प्रवास आणि सनाचा पहिला दिवस एक नाहीत, परीक्षेत इथेच पोरं चुकतात. आणि सन सुरू केला तो उमर यांनी, हिजरतीनंतर १७ व्या वर्षी. कथा अशी सांगतात की त्यांच्यापुढे एक कागद आला, त्यावर मुदत नुसती "शाबान" (हिजरी महिना), तर ते म्हणाले कुठला शाबान, गेला का येता?

आता पेशवे दफ्तरातली पत्रं घ्या. तारीख असते "छ ७ रबिलाखर", छ म्हणजे चंद्र, महिना हिजरीच, रबिलावल, जमादिलाखर, जिल्काद, जिल्हेज, पुण्यातले ब्राह्मण कारकून झोपेतसुद्धा म्हणत असतील इतकं अंगवळणी. साल लिहिलंच तर सुहूर सन, अरबी आकड्यांत, "इहिदे सबैन मया व अलफ", म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, ११७१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१. सुहूर म्हणजे खरं तर महिने (शहर म्हणजे महिना, त्याचं अनेकवचन), पण हे वर्ष चांद्र नाही, सूर्य मृगात गेला की सुरू, शेतकऱ्याच्या सोयीचं. पण ढीगभर पत्रांवर साल नसतंच. दिवस आहे महिना आहे, साल नाही. मग शाई बघा, अक्षर बघा, मजकुरात कोण जिवंत आहे बघा, एकेका पत्रापायी आठवडा जातो आणि मी तिथे बसून तेच म्हणतो, कुठला शाबान.

घाईगडबड
सगळ्यांचे आभार, भाचीला हा धागाच पाठवला. तर मी असं लिहितोय, "मौला (अनेकवचन मवाली), म्हणजे अरब कबिल्यांच्या आश्रयाला असलेले बिगरअरब मुसलमान", आणि पुढे सगळीकडे नुसतं मवाली, रूप मवालींनी, मवाल्यांनी नाही, म्हणजे नाका आठवणार नाही. चालेल ना?

खाडीकाठ
चालेल. पण मवाली आधीच अनेकवचन आहे, एकाच माणसाबद्दल असेल तेव्हा मौला लिहा, नाहीतर इमाम अबू हनीफांच्या (हनफी पंथाचे इमाम, घराणं बिगरअरब) पानावर "ते मवाली होते" असं छापाल आणि मग आमच्या मोहल्ल्यात यायची सोय राहणार नाही.