अनुभव धागा: चिनी कवितेतल्या वसंताने तुम्हाला कुठे गाठलं?

आपल्याकडे वसंत म्हटला की कोकिळ, पळस, आंब्याचा मोहोर, सगळा आनंदीआनंद. थांग काळातल्या (६१८–९०७) चिनी कविता वाचायला घेतल्या तेव्हा मी तेच शोधत होतो आणि हाती आलं भलतंच. तिथे फुलं वेळेवर येतात, माणूस येत नाही. तुम्हाला कोणती ओळ, कधी, कुठे अडली ते लिहा. रसग्रहण नको, अनुभव हवाय. चिनी येत नसलं तरी चालेल.

कोकणकन्या
पुण्यात चिनी शिकत होते. पहिली पाठ केलेली कविता मंग हाओरानची, वसंतातल्या पहाटेची. ४ ओळी, २० अक्षरं. चीनमध्ये शेंबडी पोरंही घडाघडा म्हणतात. अर्थ साधारण असा: वसंतातल्या झोपेत उजाडलेलं कळलंच नाही, जिकडेतिकडे पाखरं ओरडताहेत, रात्री वाऱ्यापावसाचा आवाज येत होता, किती फुलं गळली असतील कोण जाणे. वर्गात सगळ्यांना गोड वाटली. मला नाही. आमची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत. फेब्रुवारीत रात्री अवकाळी आला की बाबा जागे असतात, पण उठत नाहीत. सकाळी चहा झाला तरी ओटीवरच. खाली पडलेला मोहोर बघायचा धीर होत नाही. कवीही अंथरुणातच आहे, दार उघडून बघत नाही, नुसतं विचारतो. शेवटची ओळ तशी का सोडलीय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

अर्धवट अनुवादक
तू फू या कवीची 'वसंतदर्शन' ही कविता मराठीत आणायला बसलो आणि तिसऱ्या ओळीत आठवडा गेला. साल ७५७, आन लुशानच्या बंडवाल्यांनी राजधानी छांगआन घेतलेली, कवी आत अडकलेला. 'राज्य मोडलं, डोंगर-नद्या आहेत. शहरात वसंत, गवतझाडी माजली' इथपर्यंत निभावलं. पुढे नुसते शब्द: काळ जाणवणं, फूल, शिंपडणं, आसवं. रडतंय कोण? फुलं पाहून कवी, की फुलंच? चिनीत कर्ता सांगितलेला नाही आणि क्रियापदाला लिंग-वचनही नाही. मराठीत 'रडतो' म्हटलं की कवी, 'रडतात' म्हटलं की फुलं. आपली भाषा पळवाटच ठेवत नाही. शेवटी क्रियापदच काढलं. 'फुलांवर आसवं' एवढंच ठेवलंय.
आणि ते माजलेलं गवत! अकराव्या शतकातल्या सिमा क्वांग या इतिहासकाराने सांगून ठेवलंय की झाडी माजली म्हणजे माणसं उरली नाहीत. २०२०च्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत पोरांच्या क्रिकेटच्या जागेवर गुडघाभर गवत आलं होतं. मी त्याचे फोटो काढले होते, काय मस्त हिरवं म्हणून.

बेजिंगकर (माजी)
एप्रिलअखेर तिथे विलो आणि पॉपलरचा कापूस असा उडतो की मास्क विसरलात तर दिवसभर शिंका. ऑफिसातल्या एका बाईंकडे कुरकुर केली तर त्यांनी चौथ्या शतकातल्या श्ये दाओयुनची गोष्ट ऐकवली. काकांनी मुलांना विचारलं, हा पडणारा बर्फ कशासारखा? चुलतभाऊ म्हणाला, हवेत मीठ उधळल्यासारखा. ही पोरगी म्हणाली, त्यापेक्षा वाऱ्यावर उडणारा विलोचा कापूस म्हणा की. तिला उपमा सुचली, मला ॲलर्जीची गोळी.
निघताना त्याच बाईंनी विलोची डहाळी हातात दिली. विलो म्हणजे 'ल्यू' आणि 'राहा, थांब' म्हणजेही 'ल्यू', फक्त सूर वेगळा. छांगआनबाहेर बा नदीच्या पुलाशी लोक निरोप देताना ही डहाळी मोडून देत. माझ्या डायरीत तिची तीन पानं आहेत. त्यांनाही शिंक येते का, ते तपासलं नाही.

दूरदेशी
मंग ज्याओची कविता. निघालेल्या मुलाचा अंगरखा आई शिवते. परतायला उशीर होईल या धास्तीने टाके दाट घालते. मग कवी विचारतो, बोटभर गवताचं काळीज वसंतातल्या उन्हाचं ऋण फेडील असं कोण म्हणेल? मला वाटायचं, तरुणपणी घर सोडतानाची असेल. तर नाही. पन्नाशीच्या आसपास लीयांगला बारकीशी नोकरी लागल्यावर आईला आपल्याकडे आणलं, तेव्हाची. मी ४७. आई अजून नाशिकलाच.

चहा-खारी
माझी रूममेट सिचुआनची. तिच्याकडची गोष्ट: शू राज्याचा राजा मेल्यावर पक्षी झाला, कोकिळेच्याच गोतातला. वसंतात रक्त ओकेपर्यंत ओरडतो आणि त्या रक्ताने अझेलिया लाल होतात. पक्षी आणि फूल, दोघांचं नाव एकच, 'दूच्युआन'. त्याच्या ओरडण्यात लोकांना शब्द ऐकू येतात, 'बू रू ग्वेई छ्यू', म्हणजे त्यापेक्षा घरी जावं. परमुलखात चाकरी करणारे कवी याचा आवाज आला की हळवे होणारच.
मी तिला फोनवर पावशा ऐकवला. म्हटलं, हाही त्याच गोतातला, आमच्याकडे तो पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असं सांगतो. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आमचा सुट्टी टाक म्हणतो आणि तुमचा कामाला लाग?"