सुलेखनासाठी पहिलं पेन कोणतं? माझं मत: ब्रश पेन नको

बोरूबहाद्दर: कॅलिग्राफी शिकायची म्हटली की जो तो आधी ब्रश पेन उचलतो. माझ्या मते तिथेच गाडी चुकते. ब्रश पेनात जाड-बारीक दाबावर ठरतं, आणि दाब हाताला कळायलाच महिने जातात. मी वहीभर ‘क’ काढले, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. बोरू (छाटलेल्या टोकाची काडीची लेखणी) किंवा कट निब (सपाट, रुंद टोकाची निब) घ्या. टोकाचा ओळीशी कोन 45 अंशांत धरला की जाडी आपोआप येते, लक्ष वळणावर राहतं.

शाईडाग: आपोआप? बोरूचा एक कोपरा जरा उचलला गेला की रेघेची एक कड फाटकी येते आणि नवख्याला चुकलं काय तेच कळत नाही. ब्रश पेनाचं झाकण काढा नि लिहा. फक्त टोक ताठ हवं. मऊ केसांचं घेतलं असतं तर मीही सोडून दिलं असतं, हे कबूल.

उलटा कट: भांडताय छान, पण टोकाचा तिरका कट कुठल्या बाजूचा ते कोणी सांगेना. देवनागरीत डावीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड, उजवीकडे उतरणारी बारीक. रोमनचं बरोबर उलट. रोमनची सवय तशीच ठेवून ‘र’ काढला की जाडी भलतीकडेच येते, आणि खापर पेनावर!

बोरूबहाद्दर: हे मान्य, मी लिहायला हवं होतं. शाई-दौतीचा कंटाळा असेल तर पायलटचं पॅरलल पेन आहे, दोन सपाट पत्र्यांमधून शाई उतरते. 1.5 मिमी रुंद टोकाचं नको, 3.8 घ्या. अक्षर मोठं, चूकही मोठी दिसते. त्यात शेलॅकवाली (लाखेची) इंडिया इंक मात्र भरू नका, पेन तुंबतं.

टाकवाली: टाकाचं, म्हणजे निब शाईत बुडवून लिहायच्या पेनाचं, नावच नाही! अर्थात नव्या निबेवर तेलाचा थर असतो, शाई थेंब होऊन घरंगळते. तो पुसायचा असतो हे कळेपर्यंत मी दोन निबा फेकल्या.

उलटा कट: टाक नंतर. आधी दोन पेन्सिली रबर बँडने बांधा. दोन टोकं म्हणजे निबेचे दोन कोपरे. कोन हलला की दोन रेघांमधलं अंतर तिथेच बदलतं.

शाईडाग: आत्ता बांधून बघितल्या. माझ्या ‘ग’च्या काण्यात वर दोन रेघा, खाली एकच. म्हणजे मनगट फिरतंय. कोनाचा सराव पेन्सिलींवर करते. ब्रश पेन सोडत नाही.