पीआरसाठी शिक्षणानंतरचा जॉब धरतात का?? अर्जंट

सुसाट_९७
नमस्कार मंडळी, पटकन एवढंच सांगा. शिक्षण संपल्यावर केलेला जॉब पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, धरतात की नाही? माझं दीड वर्ष झालंय, एकाच ठिकाणी, फुल टाईम. मित्र म्हणतो सगळं धरतात, रूममेट म्हणतो वर्क परमिट हातात पडल्यापासूनच धरतात, आणि कन्सल्टंट म्हणतो आधी फी भर मग सांगतो. प्रोफाईलमध्ये १ वर्ष टाकलं की एलिजिबल दाखवतंय, मग टाकू ना? आज रात्री सबमिट करायचंय. लिंका देऊ नका प्लीज, वाचून वाचून डोकं आउट झालंय.

खडीसाखर
देश कुठला?

सुसाट_९७
कॅनडाच की, अजून कुठला.

खडीसाखर
बरं. आम्हाला स्वप्नात दिसायला हवं होतं.

राईनकाठी
कॅनडाचा नाद सोडा हो. इकडे जर्मनीत इथल्याच युनिव्हर्सिटीची डिग्री असेल तर शिक्षणानंतर जॉब शोधायला १८ महिने देतात आणि डिग्रीला साजेशा नोकरीत दोन वर्षं पेन्शन भरलं की पीआरचा अर्ज करता येतो. तिकडच्यासारखे पॉइंट नाहीत, ठरावीक पॉइंटांच्या वरच्यांनाच बोलावणारा ड्रॉ नाही. जर्मन मात्र शिकावं लागतं.

खडीसाखर
त्याचं शिक्षण कॅनडात झालंय, जर्मनीची डिग्री आणायची कुठून?

वाळवण
सुसाट, हो किंवा नाही असं उत्तर नाहीये याचं. हे सांग: कोर्स कधी संपला, पीजीडब्ल्यूपीला (शिक्षणानंतरचं वर्क परमिट) अप्लाय कधी केलंस, काम नेमकं काय आणि नॉक कोड (सरकारी यादीतला कामाचा नंबर) कुठला? दीड वर्ष कुठल्या तारखेपासून मोजतोयस?

सुसाट_९७
जानेवारी २०२४ पासून. दुकानात आहे, रिटेल. कोर्स एप्रिल २०२४ ला संपला, रिझल्टचं लेटर ८ मेला आलं, त्याच रात्री अप्लाय केलं. नॉक कोड सुपरवायझरचा, ६२०१०.

वाळवण
म्हणजे पहिले चार महिने तू विद्यार्थी होतास. फुल टाईम शिकत असताना केलेलं काम सीईसीत (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणारा प्रोग्रॅम) धरत नाहीत. ते गेले.

सुसाट_९७
अहो पण तेव्हा विद्यार्थ्यांवरची आठवड्याला २० तासांची अट उठवली होती ना, ३० एप्रिल २०२४ पर्यंत कितीही तास करायला परवानगी होती! मी चोरून केलेलं नाही, टॅक्स भरलाय, टी४ (पगाराची टॅक्स-स्लिप) आहे.

वाळवण
परवानगी होती म्हणून तू बेकायदेशीर ठरत नाहीस एवढंच. काम करायची मुभा वेगळी आणि ते काम अनुभव म्हणून मोजणं वेगळं. बहुतेक पोरं इथेच आपटतात.

नाना_उवाच
चुकीची माहिती पसरवू नका. माझं शिकत असतानाचं काम धरलं होतं आणि पीआर मिळालाय मला, कार्ड खिशात आहे.

वाळवण
नाना, तुमचा प्रोग्रॅम कुठला होता?

नाना_उवाच
प्रोग्रॅम म्हणजे? एक्सप्रेस एंट्री.

वाळवण
एक्सप्रेस एंट्री ही नुसती अर्जांची पद्धत, तिच्या पोटात तीन प्रोग्रॅम आहेत नाना. तुमचा फेडरल स्किल्ड वर्कर असणार, ६७ गुणांवाला. त्यात शिकतानाचं काम चालतं, पगारी हवं, सलग वर्षभराचं हवं आणि टीअर (कामाची कौशल्य-पातळी) ० ते ३ मधलं हवं. सीईसीत चालत नाही. तुमचं बरोबर आहे, फक्त याला लागू नाही.

नाना_उवाच
लागू का नाही? याने पण तेच टाकावं की मग.

खडीसाखर
एक मिनिट. सुसाट, शिकत असतानाच दुकानात सुपरवायझर होतास? दुकान मामाचं आहे का?

सुसाट_९७
नाही, आधी सेल्स असोसिएट होतो. सप्टेंबर २०२४ पासून सुपरवायझर. पण दुकान तेच, मॅनेजर तोच, जॉब एकच आहे ना.

वाळवण
अरे बाबा, हे आधी सांगायचं. सेल्स असोसिएट टीअर ४ मध्ये येतं, ते सीईसीला चालत नाही, शिक्षणाआधी केलं काय आणि नंतर केलं काय. त्यामुळे नानांचा रस्ताही बंद. तुझं घड्याळ सप्टेंबरला सुरू झालं. आणि रूममेटला सांग, परमिट हातात पडायची वाट बघावी लागत नाही. स्टडी परमिट चालू असताना पीजीडब्ल्यूपीला अप्लाय केलेलं असलं की निर्णय येईपर्यंत फुल टाईम काम करता येतं, आणि ते काम टीअर ० ते ३ चं असेल तर मोजतातही. तुझं नव्हतं.

सुसाट_९७
ठीक आहे, सप्टेंबर तर सप्टेंबर. नियमात वर्षाचे १५६० तास लिहिलंय. मी आठवड्याला ४४ तास करतो, म्हणजे ३६ आठवड्यांतच पुरे होतात. हिशोब करून बघा, माझे झालेत!

बाँजूर_बंड्या
आठवड्याला ३० च्या वरचे तास मोजतच नाहीत रे. ६० कर नाहीतर ९० कर, वर्ष वर्षाचंच राहतं. मी याच भ्रमात दोन जॉब करून पाठ मोडून घेतली. त्यापेक्षा फ्रेंच शिक. माझं ऐक. सीईसीचे कटऑफ २०२५ मध्ये ५०० च्या वर होते, जॉब ऑफरचे पॉइंट मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, आणि फ्रेंचचा ड्रॉ त्याच मार्चमध्ये ३७९ वर गेला होता. ३७९!! चारही मोड्युलमध्ये ७ लेव्हल आणायची, बस.

खडीसाखर
"बस" म्हणे. तुझं किती झालं?

बाँजूर_बंड्या
बोलण्यात ५ वर अडकलोय. पण होईल.

राईनकाठी
जर्मन सोपी आहे त्यापेक्षा.

वाळवण
भाषावार वाद नंतर घाला. सुसाट, सप्टेंबरपासून मध्ये सुट्टी घेतली होतीस का?

सुसाट_९७
ताईच्या लग्नाला गेलो होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. सात आठवडे. बिनपगारी.

वाळवण
हळूहळू सगळं बाहेर येतंय. नेहमीची रजा, दोनेक आठवड्यांची, समजून घेतात. सात आठवडे बिनपगारी म्हणजे मी तरी धरणार नाही. सप्टेंबर ते आज ४३ आठवडे, वजा ७, राहिले ३६. ५२ हवेत, अजून १६ बाकी. म्हणजे ऑक्टोबरअखेर. आज रात्री १ वर्ष टाकलंस आणि उद्या बोलावणं आलं तर कागद लावायला ६० दिवस मिळतात, त्यात वर्षभराच्या अनुभवाचं लेटर कुठून आणणार? खोटी माहिती ठरली तर ५ वर्षं बंदी. नको टाकूस.

सुसाट_९७
ऑक्टोबरपर्यंत थांबलो तर मेलोच. परमिट फेब्रुवारी २०२६ ला संपतंय!! ऑक्टोबरनंतर राहतात तीन-साडेतीन महिने, त्यात ड्रॉ कधी निघणार नि मी कधी बसणार.

अळूचं_फदफदं
पहिल्यांदाच लिहितेय, विषय सोडून असेल तर माफ करा. कोर्स किती वर्षांचा होता? दोन वर्षांचा असेल तर पीजीडब्ल्यूपी तीन वर्षांची मिळते ना, म्हणजे २०२७ पर्यंत. फेब्रुवारी २०२६ कुठून आलं?

सुसाट_९७
दोन वर्षांचाच. पासपोर्ट तेव्हा संपतोय म्हणून तेवढीच दिली.

अळूचं_फदफदं
मग पासपोर्ट नवा कर आणि उरलेल्या काळासाठी अर्ज कर! माझ्या जावेचं असंच झालं होतं. पीजीडब्ल्यूपी एरवी वाढत नाही हे खरं, पण पासपोर्टमुळे आखूड दिली असेल तर उरलेली मिळते. मात्र चालू परमिट संपायच्या आत अर्ज जायला हवा, आणि पासपोर्टला वेळ लागतो, उद्याच कॉन्सुलेटच्या मागे लाग.

खडीसाखर
साष्टांग नमस्कार ताई. तीस प्रतिसाद झाले आणि पोराला पीआर नाही, पासपोर्ट हवा होता.

सुसाट_९७
खरंच??? म्हणजे मला घाईच नव्हती? मी चार रात्री झोपलो नाहीये. त्या कन्सल्टंटने परमिटवरची तारीख बघितली होती, एक शब्द बोलला नाही.

नाना_उवाच
मी तेच म्हणत होतो, घाई करू नये.

खडीसाखर
नाना, वर जाऊन स्वतःचा प्रतिसाद वाचा.

वाळवण
प्रोफाईल आज करू नकोस. तोवर इंग्लिशची टेस्ट पुन्हा दे. टीअर २ ला सीएलबी (भाषेची लेव्हल) ५ पुरते, पण नुसत्या ५ ला ड्रॉमध्ये कुणी विचारत नाही. आणि मॅनेजरकडून लेटरचा मसुदा आत्ताच घेऊन ठेव: हुद्दा, कामं, आठवड्याचे तास, पगार, तारखा. मॅनेजर सोडून गेला की मग लेटर मागत फिरावं लागतं, मी फिरलेय.

बाँजूर_बंड्या
आणि ऑक्टोबरपर्यंत फ्रेंचचा एक बॅच सहज बसतो, बघ बाबा.

सुसाट_९७
धन्यवाद सगळ्यांना. पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतलाय. लेटरसाठी आज मॅनेजरला विचारलं, तर म्हणतो देतो, पण पेरोलमध्ये सुपरवायझर नोव्हेंबरपासून दिसतंय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काम सगळं सुपरवायझरचंच करत होतो, शिफ्ट लावणं, पोरांना ट्रेनिंग, कॅश क्लोजिंग. आता सप्टेंबर धरायचा की नोव्हेंबर?

वाळवण
काम काय करत होतास ते महत्त्वाचं, नुसता हुद्दा नाही. पण मॅनेजर लेटरमध्ये सप्टेंबरपासूनची कामं तारखेनिशी लिहून देईल का? आणि पगार कधी वाढला, सप्टेंबरला की नोव्हेंबरला?

वाळवण
सुसाट?