कुलूपबंद पोथी: धार्मिक भाषेचा धाक नेमका कशात असतो?

पर्वरीची वाचक
मार्गारेट अ‍ॅटवूड यांची १९८५ सालची कादंबरी 'द हँडमेड्स टेल' आमच्या वाचनगटात नुकतीच चर्चेला होती. गिलियड नावाच्या राजवटीत बायकांना वाचायला बंदी. ज्यांना मूल होऊ शकतं त्यांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरी फक्त त्यासाठीच ठेवलेलं. बहुतेकांचं म्हणणं पडलं की तिथलं हत्यार धर्म आहे. मला ते पटलं नाही. खरं हत्यार कुलूप आहे.

त्या घरात बायबल पेटीत बंद असतं. ठरलेल्या रात्री नोकरचाकरांसकट सगळे दिवाणखान्यात जमतात, घरधनी किल्लीने पेटी उघडतो आणि राहेल व तिची दासी बिल्हा यांची गोष्ट वाचतो, म्हणजे मूल होत नाही म्हणून राहेल आपली दासी नवऱ्याला देते ती. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. या दासींच्या प्रशिक्षण केंद्रात जेवताना येशूची धन्यवचनं ध्वनिमुद्रित आवाजात लावतात, त्यात गप्प बसणाऱ्यांना धन्य म्हणणारी एक ओळ घुसडलेली असते. निवेदिकेला, म्हणजे त्यांच्यातल्याच एका दासीला, ती खोटी असल्याचं ठाऊक आहे, पण ताडून बघणार कशात? मार्क्सचं एक प्रसिद्ध वाक्य किंचित फिरवून सेंट पॉलच्या नावावर खपवलंय, तेही तसंच पचून जातं. वाचताना अंगावर काटा आला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्यांनाही हीच भीती होती ना, की शब्द लोकांच्या हाती गेला?

डिचोलीकर
कुलूप काढलं की माणसं मोकळी होतील, हे मला भाबडं वाटतं. त्याच कादंबरीत बायका बाजाराला जोडीने जातात. भेटल्यावर ठरलेलं अभिवादन, त्याला ठरलेलं उत्तर. सोबतीण खबरी आहे की मैत्रीण, दोघींनाही कळत नाही, म्हणून दोघी शब्द सांभाळतात. तिथे पुस्तक लागतच नाही.

आणि प्रार्थनेची यंत्रं विसरलात? अधिकाऱ्यांच्या बायका फोनवरून प्रार्थना मागवतात, यंत्रं त्या छापतात आणि स्वतःच वाचत बसतात. ऐकायला कोणी नाही! मागणी नोंदवली की निष्ठा दिसली, नवऱ्याची बढती सोपी झाली. जिथे अर्थाशीच कुणाला देणंघेणं नाही तिथे उघडी पोथी समोर ठेवली तरी कोण उघडून बघणार?

मडगावचा
तुम्ही दोघं एक गोष्ट सोडून देताय. गिलियडची लढाई बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाशी चालली आहे, मारून भिंतीवर लटकवलेल्यांत पाद्री आहेत, बायकांना गुपचूप सीमेपार नेणाऱ्यांत क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची माणसं आहेत. निवेदिका रात्री खोलीत एकटी असताना 'आमच्या स्वर्गस्थ बापा' ही प्रार्थना आपल्या शब्दांत करते, देवाशी भांडते, त्याला प्रश्न विचारते. ती भाषाच तिला तगवते. धार्मिक भाषा म्हणजे दडपशाही असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ते पान पुन्हा वाचावं.

फोंड्याहून
गोव्यात बसून हे बोलताना आपला इतिहास कसा वगळता येईल? १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे ख्रिस्ती धर्मकथांचं काव्य छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्या, इथल्या ख्रिस्ती माणसाला ऐकून कळेल अशा मराठीत. पण त्याच पोर्तुगीज राज्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं, मधली चारेक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत. १६८४ मध्ये हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. १७३६ च्या फर्मानात तर लग्नातल्या ओव्यांवरही बंदी आली. धर्मप्रसारासाठी जी ओवी चालली तीच बायकांच्या तोंडी आली की गुन्हा ठरली.

पर्वरीची वाचक
फोंड्याहून, हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. छापलेली ओवी तपासून, परवानगी घेऊन बाहेर पडायची. हळद लावताना बायका काय गातील यावर किल्ली कुणाकडेच नव्हती, म्हणून बंदी घालावी लागली.

डिचोलीकर
मग तर तुमचा मुद्दा उलटा पडतो, ताई. त्या बायकांनी कुठलीही पोथी उघडली नव्हती. हुकूम निघूनही कोकणी टिकली ती घरात, शेतात, बाजारात बोलूनच. गिलियडने नेमकं हे बोलणंच ताब्यात घेतलंय. दोघी जणी बाजाराच्या वाटेवर मनातलं बोलू शकत नसतील, तर पेटीची किल्ली त्यांच्या हातात देऊन काय होणार, ते सांगा.