वाळपईकडच्या मुलांसाठी मानसोपचाराची सोय हवी, निवेदनात नेमकं काय मागायचं?

सत्तरीचा_पालक
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या पीटीएने (पालक-शिक्षक संघाने) ठरवलंय की आरोग्य खात्याला निवेदन द्यायचं, मुलांच्या मानसिक आरोग्याची सोय गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातच, वाळपईला करा म्हणून, आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषय निघाला तो चौथीतल्या एका मुलावरून. एका जागी बसत नाही, बाजूच्याला ढकलतो, वही कधी पुरी नाही, शाळेने सांगितलं डॉक्टरला दाखवा. दाखवायचं म्हणजे पार बांबोळीचं सरकारी इस्पितळ. वाळपईहून पणजी, तिथून परत दुसरी बस, आईची त्या दिवसाची मजुरी गेली. डॉक्टरांनी नीट बघितलं, पुढची तारीख दिली, त्या तारखेला काजूचा सिझन ऐन भरात, गेले नाहीत, आणि मग कोणी विचारलंच नाही की का आला नाहीत. आता तो मुलगा शाळेतच कमी येतो.

पीटीएतले बरेच जण म्हणतात सत्तरीत मुलांचं वेगळं इस्पितळच मागूया. मला ते पटत नाही, दहा वर्षं पायाभरणीची वाट बघत बसू. जे आत्ता कागदावर आहे आणि लगेच चालू होऊ शकतं असं काय मागता येईल? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

डिचोलीची_आई
भाऊ, माझा मुलगा ऑटिझमचा आहे, आता सात वर्षांचा, म्हणून जरा लांब लिहिते. डॉक्टर मिळणं ही अर्धीच गोष्ट आहे, खरं काम थेरपीचं, आणि ती महिन्यातून एकदा घेऊन काहीच होत नाही. आम्हाला फरक कधी दिसला तर थेरपिस्टनी मला शिकवलं तेव्हा. बिस्किटाचा डबा घट्ट झाकणाचा घ्यायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं, तो डबा माझ्याकडे सरकवून माझ्याकडे बघेपर्यंत उघडायचा नाही. पहिल्यांदा नुसता रडला, फेकला. मग सरकवायला लागला, मग हात धरून "दे" म्हणाला. हे घरात रोज होतं, ओपीडीत वीस मिनिटांत नाही होत. म्हणून निवेदनात पहिलं हे लिहा की आईवडिलांना शिकवायचे वर्ग तालुक्यात घ्या, शनिवारी किंवा संध्याकाळी, आणि मराठी-कोंकणीत घ्या. आजीला पण बसू द्या, दिवसभर मूल तिच्याकडेच असतं.

आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्च पण बसतो. आम्हाला हे कोणत्याच काउंटरवर सांगितलं नाही, दुसऱ्या एका आईने सांगितलं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात देतात तेव्हाच हे सांगायला नको का? हेही लिहा.

शाळा_समुपदेशक
मी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, कंत्राटी. आमच्यातल्या कितीतरी जणांकडे एकापेक्षा जास्त शाळा असतात, म्हणजे ज्या दिवशी मुलीला बोलायचं असतं त्या दिवशी आम्ही दुसऱ्या शाळेत. डिचोलीच्या ताईंनी लिहिलंय ते लहान मुलांसाठी अगदी बरोबर, मोठ्या मुलांचं थोडं वेगळं आहे. माझ्याकडे "वागणं बिघडलंय" म्हणून पाठवलेली मुलं असतात आणि दोन-तीन वेळा बसल्यावर कळतं की घरी वडिलांची दारू आहे, रात्री झोपच नाही, तर वर्गात लक्ष कुठून लागणार. अशा वेळी एकट्या मुलाला गोळी देऊन किंवा समजावून काय होणार, वडिलांवर उपचार आणि आईला आधार एकाच टीमकडून मिळायला हवा. मुलांची सेवा आणि कुटुंबाची सेवा वेगवेगळी मागू नका.

दुसरं, रेफरल. मी चिठ्ठी देते, मूल जातं, पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. पालकांच्या परवानगीने एक परतीची चिठ्ठी मिळाली, एवढंच की वर्गात काय सांभाळायचं, कधी परत बोलवलंय, तर तुमच्या चौथीतल्या मुलासारखी मुलं मधेच गळणार नाहीत. तारखेला आलं नाही तर फोन करणारा माणूस हवा. तो डॉक्टरच असायची गरज नाही. आपल्याच गोव्यात संगात संस्थेने मानस नावाचा अभ्यास केला होता, प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसांना ट्रेनिंग देऊन नैराश्याच्या रुग्णांसाठी काउन्सेलर म्हणून बसवलं आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तो मोठ्या माणसांवर होता, पण फोन करणं, घरी जाऊन येणं, धीर देणं ही कामं मुलांच्या बाबतीतही अशी माणसं करू शकतात.

निवृत्त_सिस्टर
आयुष्य आरोग्य केंद्रात गेलं म्हणून सांगते, कागदावर बरंच आहे. आरबीएसके, म्हणजे मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून आहे, त्यांच्या टीमने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा मुलं तपासायची असतात, आणि त्या यादीत नुसते दात-डोळे नाहीत, बोलायला उशीर, ऑटिझम, शिकण्यातली अडचण, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) हे सगळं आहे. तर विचारा की आमच्या तालुक्यात गेल्या वर्षी या कारणांसाठी किती मुलं सापडली आणि त्यातली किती पुढे पोचली. आकडा लेखी मागा.

दुसऱ्या राज्यांत घरोघरी जायला आशा सेविका असतात, गोव्यात त्या नाहीतच, म्हणून अंगणवाडी सेविका आणि आमच्या एएनएमवर (केंद्रातल्या नर्सबायांवर) सगळं येतं. त्यांना ट्रेनिंग द्या म्हणताना कामाचा वेळ पण द्या म्हणावं लागेल.

आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा जरूर लिहा. कलम १८ मध्ये मुलांसाठी सेवा आणि कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा दोन्ही सरकारने द्यायच्या आहेत, आणि कोणाला, मुलांनासुद्धा, उपचारासाठी लांब जावं लागू नये असं स्पष्ट म्हटलंय. उपकार म्हणून मागू नका, हक्क म्हणून मागा.

पेडण्याचा_बाबू
सगळं पटलं पण इमारत नको म्हणता म्हणता खोली तरी मागा हो. आमच्याकडे भाचीला ज्या जागी बसवून विचारत होते तिथे पडद्यापलीकडे इंजेक्शनची लाईन, पोर तोंड उघडेना. दार लागणारी एक खोली पाहिजे.

सत्तरीचा_पालक
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा आता असा करतोय: वाळपईच्या केंद्रात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम मुलांसाठी ठरलेल्या वारी, वार बदलायचा नाही, दार लागणारी खोली, पालकांचे वर्ग शनिवारी, परतीची चिठ्ठी, चुकलेल्या तारखेला फोन, घरात दारू वगैरे असेल तर त्याच टीमकडे मोठ्यांची पण सोय, आणि आरबीएसकेचे आकडे. कलम १८ सगळ्यात वर. तोवर पीटीएच्या ग्रुपवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ टाकलाय, चोवीस तास आणि फुकट आहे. त्या मुलाच्या घरी मी आणि वर्गशिक्षिका या रविवारी जातोय, पुढच्या तारखेला गाडीची सोय मी करतो म्हणून सांगायला.

निवृत्त_सिस्टर
छान. एक प्रत ग्रामसभेत ठेवून ठराव करून घ्या, आणि खात्यात देताना पोच म्हणून इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. गाडीत आईबरोबर आजीलाही न्या.