सीटीसी किती आणि हातात किती? पगारातल्या कपातीचे तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाचीला पहिली नोकरी लागली, सहा लाखांचं वर्षाचं पॅकेज, म्हणजे सीटीसी, कंपनी तिच्यावर करणार तो एकूण खर्च. घरात सगळे खूश, तिने तर लगेच महिन्याचे पन्नास हजार धरून भाड्याचा फ्लॅटसुद्धा बघून ठेवला. मी तिला ऑफर लेटर घेऊन समोर बसवलं आणि पेन्सिलीने एकेक ओळ वजा करत गेलो. बेसिक म्हणजे मूळ पगार महिन्याला २०,०००, त्याचे १२ टक्के म्हणजे २,४०० हा कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, ९६२ रुपये, तीही सीटीसीतच. व्हेरिएबल वर्षाला ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००, तो वर्षाच्या शेवटी, मिळेल तेवढा. राहिले ४१,६३८. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ३९,०३८. इन्कम टॅक्सचा एक रुपया नसताना जवळजवळ अकरा हजार कमी! पोरीचं तोंड एवढंसं झालं. पीएफचे ४,८०० तुझ्याच खात्यात जमा होतायत हे समजावलं तेव्हा जरा सावरली.

हे सगळं आधी कोणी सांगत नाही, सांगायला पाहिजे. तुमच्या स्लिपमधून काय कापलं गेलं, कधी कळलं, मग काय केलंत, आकड्यांसकट लिहा. तिला वाचायला देणार आहे.

---

मी २०१८-१९ चा फेब्रुवारी सांगते. वर्षभर टॅक्स कमी कापला जात होता कारण एप्रिलमध्ये कंपनीला टॅक्सच्या सवलती कळवतो त्या डिक्लेरेशनमध्ये मी घरभाडं आणि पीपीएफ दोन्ही लिहिलं होतं. जानेवारीत त्याचे पुरावे द्यायचे असतात, आणि नेमकी तेव्हाच मी आईच्या ऑपरेशनसाठी गावी होते, परत आले तर तारीख उलटून गेलेली, त्यात घरमालक पॅन नंबर द्यायला तयार नाहीत, आणि भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असलं की तो लागतोच. झालं, एचआरएची (घरभाडे भत्त्याची) १,२०,००० ची सूट गेली आणि पीपीएफचे ७८,००० पण गेले. त्यावर २० टक्के आणि सेस (टॅक्सवरचा जादा टॅक्स) मिळून ४१,१८४ रुपये, तेही उरलेल्या दोन पगारांतून, म्हणजे महिन्याला २०,५९२. बँकेचा मेसेज तीनदा वाचला मी. हप्ता कसा भरायचा ह्याच विचारात ती रात्र गेली.

पण ते पैसे बुडत नाहीत हे नंतर कळलं. जुलैत रिटर्न भरताना दोन्ही सूट मागितल्या, भाडं दर महिन्याला बँकेतून गेलं होतं त्यामुळे पुरावा होता, रिफंड पूर्ण आला. तेव्हापासून भाडं रोखीने कधीच दिलं नाही. आता न्यू रिजीममध्ये (टॅक्स काढायच्या नवीन पद्धतीत) एचआरए आणि पीपीएफची सूट दोन्ही नाहीत, त्यामुळे ज्यांचं भाडं मोठं आहे त्यांनी जुन्या आणि न्यू दोन्ही रिजीमचा टॅक्स काढून बघितल्याशिवाय रिजीम निवडू नका प्लीज.

---

वर्षाच्या मधे नोकरी बदलणाऱ्यांसाठी लिहितोय. २०२५-२६ मध्ये पहिले सहा महिने एक लाख पगार, ऑक्टोबरपासून नवीन कंपनीत एक लाख चाळीस हजार. दोन्हीकडे टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा टॅक्स) शून्य! मला वाटलं १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून असेल. खरं असं की जुन्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरून त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची ठरावीक वजावट) वजा केलं आणि शून्य काढला, नवीन कंपनीने फक्त आपले ८ लाख ४० हजार बघितले आणि तिनेही शून्यच काढला. एकत्र केलं तर होतात १४ लाख ४० हजार, टॅक्सेबल १३ लाख ६५ हजार, आणि त्यावर टॅक्स सेससकट ८८,१४०. शेजारच्या डेस्कवरच्या मॅडमनी नोव्हेंबरमध्ये सहज विचारलं, अरे फॉर्म १२बी, जुन्या कंपनीतल्या पगाराची माहिती द्यायचा, तो दिलास का? तोपर्यंत मी हे नावही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भरून दिला, मग डिसेंबर ते मार्च दर महिन्याला २२,०३५ कापले. जड गेलं, पण जुलैत एकदम ८८ हजार कुठून आणले असते.

---

माझं छोटंसंच आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना प्रोफेशनल टॅक्स नाही. माझा पगार २२,०००, तरी दर महिन्याला २०० जातच होते. अकाउंट्सच्या दादांना दाखवलं तर त्यांनाच माहीत नव्हतं. आता बंद झालं.

---

कापलेले पैसे जागेवर पोचतात का हेही बघा. माझे मिस्टर एका कारखान्यात सुपरवायझर, स्लिपवर दर महिन्याला पीएफ १,८०० न चुकता छापलेला. मुलीच्या फीसाठी थोडे पैसे काढावेत म्हणून मी पासबुक उघडलं तर शेवटची एंट्री सात महिन्यांपूर्वीची. पगारातून गेलेले १२,६०० आणि कंपनीचा वाटा वेगळाच, कशाचाच पत्ता नाही. नियमाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायला लागतात. विचारलं तर पुढच्या महिन्यात भरू, पुढच्या महिन्यात भरू, एवढंच. शेवटी अकरा जणांनी मिळून स्लिपा स्कॅन करून पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाकल्या. एकट्याने टाकायची ह्यांची हिंमत होत नव्हती, नोकरी जाईल ही भीती, ती काय खोटी नाही. चार महिने लागले पण सगळ्या एंट्र्या आल्या. आता पहिल्या रविवारी पासबुक बघायचं हे ठरलेलं आहे.

---

थोडा वेगळा अनुभव, कपात मुद्दाम वाढवून घेतल्याचा. माझं २०२५-२६ चं टॅक्सेबल १२ लाख ४० हजारवर येत होतं. १२ लाखांच्या वर ४० हजार, तर मार्जिनल रिलीफमुळे (मर्यादेच्या जरा वर गेलेल्यांना मिळणाऱ्या सवलतीमुळे) टॅक्स तेवढाच ४०,००० अधिक सेस, ४१,६००. म्हणजे वरचं सगळंच जाणार. एचआरला विचारलं, पॅकेज तेच ठेवून बेसिकच्या १४ टक्के कंपनीतर्फे एनपीएसमध्ये (पेन्शनच्या सरकारी योजनेत) टाकाल का? न्यू रिजीममध्ये ही सूट चालते. बेसिक ५०,०००, म्हणजे महिन्याला ७,०००, वर्षाला ८४,०००. टॅक्सेबल ११ लाख ५६ हजारवर आलं, टॅक्स शून्य. हातातले वर्षाला ४२,४०० च कमी झाले आणि खात्यात ८४,००० गेले. अर्थात हे पैसे बरीच वर्षं अडकतात, बायकोचा ह्याच मुद्द्यावर विरोध होता आणि तिचं म्हणणं चूक नाही, घरात आजारपण असेल तर मी हे सुचवणार नाही.

---

धागाकर्ता परत. भाचीने सगळं वाचलं, फॉर्म १२बी वहीत लिहून घेतला. फ्लॅट आता मैत्रिणीबरोबर अर्ध्या भाड्यात घेतेय. काल एचआरला मेल टाकलाय तिने, गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिलात म्हणून. उत्तर आलं की इथे लिहितो.