एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) फाटलंय : ऑपरेशन की नुसती फिजिओ? अनुभव सांगा

मोगरा_कल्याण :
नवरा, वय ३८, ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये रन घेताना वळला आणि गुडघ्यातून कट् असा आवाज आला म्हणे. तासाभरात गुडघा टम्म. एमआरआय झाला, एसीएल कम्प्लीट टिअर. पहिले डॉक्टर म्हणाले पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीतून करून टाकू, तारीख पण दिली. दुसरे म्हणाले घाई काय आहे, सूज उतरू दे, दोनेक महिने नीट व्यायाम करा मग बघू. आता आम्ही दोघं घरात रोज यावरच भांडतोय, त्यात सासूबाईंचं तिसरं मत आहे (तेल). तर ज्यांनी ऑपरेशन केलं आणि ज्यांनी नाही केलं, दोघांनीही लिहा प्लीज. नक्की कशावरून ठरवलंत?

राइट_विंगर :
मी ऑपरेशनवाला. वय तेव्हा २६, फुटबॉल सोडायचा प्रश्नच नव्हता त्यामुळे ठरवायला फार वेळ लागला नाही. पण माझ्या सर्जनने लगेच केलं नाही हे आधी सांगतो, ते म्हणाले गुडघा पूर्ण सरळ झाल्याशिवाय टेबलवर घेणार नाही, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडलेलाच राहू शकतो. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी दाबायची, पालथं झोपून पाय पलंगाबाहेर लोंबकळत ठेवायचा, असले प्रकार. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घातला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून लिगामेंटच्या जागी बसवली. वहिनी, ऑपरेशनचं दुखणं औषधांनी निभावतं, खरा वैताग मांडीचा. पाय समोर पसरून बसलोय, मांडीकडे बघून सांगतोय बाई गं आकस, आणि ती ढिम्म, जणू दुसऱ्या कुणाची मांडी. फिजिओने करंटची मशीन लावली तेव्हा कुठे ती फडफडली. ग्राउंडवर परत जायला वर्षभर लागलं, तेही एका पायावर उड्या मारायची टेस्ट पास झाल्यावर. टीममधले काही जण सहा महिन्यांत उतरतात, त्यातल्या एकाचा तोच गुडघा परत गेला.

गडवाट :
वय ५१, कम्प्लीट टिअर, ऑपरेशन नाही. पावसाळ्यात गड उतरताना निसरड्यावर पाय अडकला. मला डॉक्टरांनी एकच प्रश्न परत परत विचारला, गुडघा निसटतो का? म्हणजे चालता चालता, वळताना, जिना उतरताना खालून सटकन गेल्यासारखा वाटतो का? सुरुवातीला वाटायचं, मग मांडीचे मागचे पुढचे स्नायू कमावले तसं बंद झालं. रिपोर्टमध्ये लिगामेंट आजही नाहीच, पण गुडघ्याला त्याची आठवण येत नाही. ट्रेक करतो, उतरताना दोन काठ्या घेतो, बॅडमिंटन मात्र सोडलं कारण तिथे अचानक वळणं, थांबणं फार. ही तडजोड मला परवडली, पंचविशीत परवडली नसती. व्यायाम सोडला की महिन्याभरात गुडघा कुरकुरायला लागतो, तेव्हा ऑपरेशन नाही म्हणजे काहीच करायचं नाही असं कुणी समजू नये.

बोनस_लाईन :
मी सांगली भागात कबड्डी शिकवतो. आमच्याकडं पोरं पहिल्यांदा जातात हाडवैद्याकडं. तो चोळतो, ओढतो, पट्टी बांधतो. सूज उतरती, पोरगं चालायला लागतंय, घरचे म्हणतात बरा झाला. मग क्रेप बँडेज गुंडाळून परत मॅटवर. रेड टाकताना कुणी घोटा धरला की वरचं अंग फिरतं अन् पाय तिथंच राहतो, गुडघा परत निसटला. असं चार पाच वेळा झालं की आतली गादी (मेनिस्कस) फाटती. माझा एक पोरगा असाच, लिगामेंटसाठी गेला तवर दोन्ही गाद्या चिरलेल्या, वय २१. खेळायचंच असेल आणि गुडघा निसटत असेल तर ऑपरेशनला थांबू नये एवढं मला कळतंय. आणि भरतीची तयारी करणारी पोरं तर सांगतच नाहीत कुणाला, दुखरा पाय लपवून पळतात.

सर्व्ह_अँड_व्हॉली :
क्रिकेटर पंतचं बघा ना, डिसेंबर २०२२ ला अपघात, मार्च २०२४ ला परत कीपिंग. ऑपरेशन केलं की होतं सगळं बरं.

राइट_विंगर :
भाऊ त्याचं एकापेक्षा जास्त लिगामेंटचं प्रकरण होतं, आणि दिवसभर सोबत फिजिओ होते. ऑफिस करून बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्याला ते माप कसं लावणार. फुटबॉलवाल्या झ्लाटनने तर एसीएलशिवाय अर्धा सीझन खेळून इटलीची लीग जिंकली, मग काय त्याचंही ऐकायचं का 😀

फिजिओताई :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, जरा लांबण लावते. दोन डॉक्टर दोन मतं, यात कुणी लबाड असतोच असं नाही, अभ्यासच दोन्ही बाजूंना बोलतात. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या पेशंटवर एक ट्रायल झाली, २०१० मध्ये छापून आली. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि लागलंच तर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे पेशंटच्या स्वतःच्या मार्कांनुसार साधारण सारखेच, आणि व्यायामवाल्या ५९ पैकी ३६ जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. पाच वर्षांनी मात्र त्या ५९ मधल्या निम्म्यांचं झालेलं होतं. उलट २०२२ ची ब्रिटनमधली ट्रायल, ३१६ पेशंट, यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा अजून निसटत होता, तिथे ऑपरेशनवाला गट पुढे राहिला. म्हणजे ताज्या दुखापतीत थांबून बघायला जागा आहे, पण महिनोन् महिने निसटणारा गुडघा घेऊन नुसते व्यायाम करत बसण्यात फार हशील नाही.

थांबायचं नसतं ते वेगळं: गुडघा लॉक झालाय, सरळच होत नाही आणि एमआरआयमध्ये गादीचा तुकडा मध्ये अडकलेला दिसतोय, किंवा एसीएलबरोबर इतर लिगामेंटही गेलेत. तिथे सर्जन सांगतील ते लवकर करा. आणि मोगराताई, तेल लावा पण त्या सुजलेल्या गुडघ्याला जोरात रगडू नका.

मोगरा_कल्याण :
ताई खूप आभार. रिपोर्टमध्ये मेनिस्कस ग्रेड २ पण लिहिलंय, ते वाचून झोप उडालीय. आणि भावाने ऑस्ट्रेलियाचं काहीतरी पाठवलंय, गुडघा वाकवून बांधून ठेवतात म्हणे आणि लिगामेंट आपोआप जुळतं?

फिजिओताई :
ग्रेड १, २ म्हणजे बहुतेकदा गादीच्या आतला बदल, तो पृष्ठभागापर्यंत आला की ग्रेड ३, त्याला फाटणं म्हणतात. तरी सर्जनना फिल्म दाखवून विचारा, नुसता कागद वाचू नका. ऑस्ट्रेलियातलं खरं आहे, गुडघा ९० अंशात वाकवून चार आठवडे ब्रेस, मग हळूहळू मोकळा करतात. ८० जणांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ९० टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये जुळल्याच्या खुणा दिसल्या. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, सुरुवात दुखापतीनंतर लगेच करावी लागते, आणि पाय इतके दिवस एकाच जागी राहिला की रक्ताच्या गाठीचा धोका, त्यासाठी औषधं देतात. व्हिडिओ बघून घरी करायचा प्रकार नाही हा.

दुपारचा_चहा :
माझी केस मधली. स्कूटर घसरली, कोथरूडला, पावसात. वय ४४. खेळबिळ काही नाही म्हणून फिजिओच करायचं ठरवलं आणि मनापासून केलं. सरळ रस्त्यावर एकदम मस्त. पण भाजीच्या पिशव्या घेऊन जिना उतरताना एकदा निसटला, मग रस्ता ओलांडताना एकदा, तेव्हा मी अक्षरशः दुभाजकाला धरून उभी होते. त्यानंतर ऑपरेशन केलं. आधीचे ते महिने वाया गेले असं अजिबात वाटत नाही कारण मांडी तयार होती, माझ्या शेजारच्या बेडवरच्या मुलीपेक्षा मी लवकर वॉकर सोडला. ग्राफ्ट घोट्याजवळून घेतला, पेरोनियस म्हणतात, आपल्याकडे हल्ली बरेच सर्जन घेतात. ज्या गोष्टी कुणी आधी सांगितल्या नाहीत त्या सांगते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे, मोजा घातल्यासारखा लागतो. गुडघ्यावर टेकून रांगोळी काढता येत नाही, पाट घेऊन बसते. मांडी घालून बसणं जमलं पण खूप उशिरा. आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या चौथ्या महिन्यात खूप छान वाटायला लागतं, तेव्हाच फिजिओने मला सगळ्यात जास्त दम दिला, कारण म्हणे आतला ग्राफ्ट त्या काळात कच्चा असतो, वाटणं आणि असणं वेगळं.

आइंडहोवनकर :
इथे नेदरलँड्समध्ये माझं झालं (स्कीइंग, पहिलाच दिवस). हाउसडॉक्टरने थेट फिजिओकडे पाठवलं, तीन महिने कर मग बोलू. आई फोनवर रडकुंडीला, परदेशात ऑपरेशन टाळतायत, पैसे वाचवतायत, तू पुण्याला ये. पण इथली हीच रीत आहे, इथलीच एक ट्रायल आहे १६७ जणांची, २०२१ ची, त्यात आधी व्यायाम केलेल्यांपैकी निम्म्यांना पुढे ऑपरेशन लागलं, निम्म्यांना नाही. मी दुसऱ्या निम्म्यात. सायकल चालवतो, पळतो, स्कीइंग बंद. आईला अजून पटलेलं नाही.

हिशेबी_काका :
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मेडिक्लेम असला तरी आधी लेखी एस्टिमेट घ्या, त्यात स्क्रू, बटण वगैरे इम्प्लांटचा आकडा वेगळा मागा आणि पॉलिसीत त्याला मर्यादा आहे का बघा. ब्रेस आणि पुढची महिनोन् महिने चालणारी फिजिओ बहुतेक आपल्याच खिशातून जाते, तेव्हा ऑपरेशनवर सगळे पैसे संपवून फिजिओला चार सेशनमध्ये टाटा करू नका, आमच्या मेहुण्याने तेच केलं आणि आज पाय पूर्ण सरळ होत नाही. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. मोगराताई, कुठला पाय आहे यजमानांचा? डावा असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर चालवणं त्यातल्या त्यात लवकर जमतं, उजवा म्हणजे ब्रेकचा पाय, तिथे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. दुचाकीला मात्र दोन्ही पाय सारखेच, सिग्नलला गाडी कलली की आपण पटकन जो पाय टेकवतो ना, गुडघा तिथेच जातो.